मागचा डोंगर हिरवागार आहे, मग प्रॉब्लेम काय?

प्रश्न: आम्ही मुलुंडला, नॅशनल पार्कच्या भिंतीला लागूनच राहतो. दर पावसाळ्यात सोसायटीतली मंडळी झाडं लावतात, मागचा डोंगर मस्त हिरवा दिसतो. पण परवा एक जण म्हणाला, हे जंगल आतून गरीब होत चाललंय. झाडं वाढतायत तर गरीब कसं?

उत्तर: अहो, तो बरोबरच बोलला. झाडं किती आणि जाती किती, हे दोन वेगळे हिशोब आहेत. पनामात बारो कोलोराडो बेटावर फक्त 50 हेक्टरमध्ये झाडांच्या 300च्या आसपास जाती मोजल्यात, उष्ण प्रदेशातलं जंगल म्हणजे हे असं असतं. आता फेब्रुवारीत तुमच्या खिडकीतून जी फिकट गुलाबी फुलं दिसतात ना, ती बहुतेक गिरिपुष्पाची, म्हणजे आपलं ग्लिरिसिडिया, मूळ मध्य अमेरिकेतलं, आपल्याकडे धडाधड लावलं कारण नुसती फांदी खोचली तरी जगते. वर त्याची शेंग उन्हात फटकन फुटते आणि बी लांब उडतं, म्हणजे पक्षी नको, माकड नको. बेहड्याचं तसं नाही, त्याचं फळ कोणीतरी खाऊन लांब नेऊन टाकावं लागतं. ॲमेझॉनमध्ये शिकारीने मोठी माकडं आणि टापीर (डुकरासारखा दिसणारा मोठा शाकाहारी प्राणी) संपले तिथे मोठ्या बियांच्या झाडांची रोपंच कमी झाली.

दुसरं म्हणजे जंगलाची कड. ब्राझीलमध्ये मनौसजवळ 1979 पासून शास्त्रज्ञ जंगलाचे तुटलेले तुकडे बघतायत, कडेला वारा आणि कोरडेपणा वाढतो, जुनी मोठी झाडं आधी जातात आणि त्यांच्या जागी उन्हात झरझर वाढणाऱ्या त्याच त्याच जाती येतात. आपल्याकडे तर कडेला रस्ता, बिल्डिंगा, त्यात उन्हाळ्यात कोणीतरी गवत पेटवतं. ऐनाचं मोठं झाड त्यातून वाचतं, बोटभर रोप खलास. त्यामुळे खिडकीतून काहीच बिघडलेलं दिसत नाही, आणि पुढची पिढी मात्र गायब!

माणसाने सगळं वाटोळंच केलं असं पण नाही हं. नॅशनल पार्कमधला विहार तलाव 1860चा, तुळशी 1879चा, मुंबईला पाणी हवं म्हणून त्यांच्या भोवतीचं रान राखलं गेलं, नाहीतर तिथेही आज टॉवर असते.

जुलैत ट्रेलवर गेलात की वर बघूच नका, एखाद्या मोठ्या झाडाखाली गुडघ्याएवढी रोपं कुठली कुठली आहेत ते बघा. आणि सोसायटीत यंदा कोणी ग्लिरिसिडियाच्या फांद्या घेऊन आलं तर चहा पाजा आणि फांद्यांसकट परत पाठवा.