डेन्मार्कच्या 'हावमांडेन' वर्गातल्या पाणबुड्या पहिल्या महायुद्धात लढल्या होत्या का?

नाही, डेन्मार्क शेवटपर्यंत तटस्थ होता, त्यामुळे या पाणबुड्यांचं काम ती तटस्थता राखण्यापुरतंच राहिलं. लढला तो त्यांचा आराखडा! तो मूळचा फियुमेच्या (आजचं क्रोएशियातलं रिएका) व्हाइटहेड कंपनीचा; त्यावरूनच ऑस्ट्रिया-हंगेरीने यू-२० वर्गाच्या चार पाणबुड्या बांधल्या. मात्र त्या १९१७ मध्ये नौदलात दाखल होईपर्यंत आराखडा जुना झाला होता. १९१८ मध्ये त्यातल्या दोन बुडाल्या: यू-२३ आणि खुद्द यू-२०. त्यातली यू-२० तर इटालियन पाणबुडीच्याच टॉर्पेडोने बुडाली. यू-२० चे अवशेष १९६२ मध्ये सापडले. मनोऱ्यासकट तिचा मधला भाग व्हिएन्नाच्या लष्करी इतिहास संग्रहालयात ठेवलाय. तिकडे गेलात तर जरूर बघा, त्या काळच्या पाणबुडीचा इतका मोठा तुकडा सहसा बघायला मिळत नाही.