उद्दीपन यंत्र करते, पण सराव रुग्णालाच करावा लागतो

प्रिय विद्यार्थिनीस,

सप्रेम आशीर्वाद.

मज्जारज्जूला इजा झालेल्या रुग्णांवर चुंबकीय मेंदू-उद्दीपन हा विषय तू प्रबंधासाठी घेतलास, हे कळले. विषय उत्तम आहे. परंतु विभागात नवे यंत्र आले की सर्वांचे लक्ष यंत्राकडेच लागते, म्हणून हे पत्र.

अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये शेफील्ड येथे ही पद्धत दाखवली. कॉइल, म्हणजे चुंबकीय स्पंद देणारे तारेचे वेटोळे, डोक्यावर योग्य जागी आली की अंगठ्याजवळचा स्नायू किंचित उडतो आणि पडद्यावर त्याचा आलेख उमटतो. हा संदेश मेंदूपासून हातापर्यंत ज्या तंतूंतून गेला, ते तंतू इजेतून वाचलेले असतात, आणि तुझे सारे काम याच शिल्लक तंतूंवर उभे आहे. उद्दीपनाने तुटलेला मज्जारज्जू सांधला जात नाही. त्यामुळे अपूर्ण इजा असलेले, म्हणजे इजेची तीव्रता ठरवणाऱ्या एशिया वर्गवारीत सी किंवा डी श्रेणीतले रुग्ण प्रामुख्याने घे.

उद्दीपनानंतर मेंदूची वाढलेली उत्तेजनक्षमता थोडाच वेळ, फार तर तासाभराच्या आसपास टिकते, आणि हाताचा सराव त्याच वेळात व्हायला हवा. आपल्याकडे यंत्र एका मजल्यावर, फिजिओथेरपी दुसऱ्यावर, आणि व्हीलचेअर लिफ्टपुढे ताटकळत, असे सर्रास घडते. तेव्हा सरावाचे टेबल यंत्राच्या खोलीतच मांडून घे, मग त्यासाठी वरिष्ठांशी थोडा वाद घालावा लागला तरी हरकत नाही.

इजेनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत पुष्कळ सुधारणा आपोआप होते, हे विसरून आपलीच पाठ थोपटून घेणारे कमी नाहीत. तुलनेसाठी खोट्या उद्दीपनाचा गट हवाच, आणि त्यातही कॉइलचा टकटक आवाज यायला हवा, नाहीतर रुग्ण लगेच ओळखतो. स्नायूंचा ताठरपणा कमी करणाऱ्या बॅक्लोफेन या औषधाची मात्रा मध्येच बदलली तर तारखेसह नोंद ठेव.

फेफऱ्याचा इतिहास, कवटीतला धातू, कानातले कॉक्लिअर रोपण किंवा पेसमेकर यांची चौकशी स्वतः कर. दुचाकीच्या अपघातात मानेबरोबर डोक्यालाही मार लागलेला असू शकतो, म्हणून जुने कागद मागवून घे. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याच्या वर इजा असेल तर सत्रापूर्वी लघवीची नळी दुमडलेली नाही ना, हे पाहा. तुंबलेल्या मूत्राशयाने अशा रुग्णाचा रक्तदाब धोकादायक वाढतो. एवढी साधी गोष्ट भल्याभल्यांच्या लक्षात राहत नाही.

नातेवाईक विचारतील, "डोक्याला शॉक दिल्यावर पोरगा चालेल का हो?" हा शॉक नव्हे, हे समजावून सांग, आणि या इजेसाठी ही पद्धत अजून अभ्यासाच्याच टप्प्यावर आहे, हे संमतिपत्रात सोप्या मराठीत लिही. चालण्याचे आश्वासन कोणालाही देऊ नकोस.

आराखडा पक्का करण्यापूर्वी परवानगी काढून पुण्यातल्या खडकीच्या पॅराप्लेजिक (मज्जारज्जूच्या इजेने पाय लुळे पडलेल्यांच्या) पुनर्वसन केंद्रात जाऊन ये आणि तिथल्या माणसांना विचार की त्यांना कोणती हालचाल परत हवी आहे. संशोधक किम अँडरसन यांच्या २००४ च्या मज्जारज्जू-रुग्णांच्या सर्वेक्षणात हातपाय दोन्ही बाधित झालेल्यांनी चालण्यापेक्षा हाताच्या वापराला वरचे स्थान दिले होते. आलेखाची उंची वाढली, पण पेला धरता येत नाही, अशा निकालाचा त्या माणसाला उपयोग नाही. म्हणून पकड, बटण लावणे, घास तोंडापर्यंत नेणे यांचे मोजमाप मुख्य ठेव आणि आलेख दुय्यम. तसा बदल करून कच्चा आराखडा नैतिकता समितीपुढे जाण्याआधी माझ्याकडे पाठव.

तुझा,
सर