जुन्या गाड्यांच्या क्लबाने पोलिसांच्या कुटुंबांच्या मदतीसाठी क्रूझ, म्हणजे गाड्यांची सामूहिक सफर, काढायची असेल, तर ती कशी आखावी?

आपण मेलबर्नमधल्या आपल्या क्लबासाठी तीन गोष्टी विचारल्या आहेत: मार्ग कोणता घ्यावा, प्रवेशशुल्क कसे ठेवावे आणि ताफा शेवटपर्यंत एकत्र कसा ठेवावा. मी लिहायला बसलो तो तिसऱ्या प्रश्नामुळे. ताफा एकत्र ठेवूच नये असे माझे स्पष्ट मत आहे आणि आमच्या समितीत ते पाच विरुद्ध दोन मतांनी फेटाळले गेले होते.

माझ्याकडे १९८७ सालची होल्डन कमोडोर व्हीएल टर्बो आहे. १९८६ मध्ये ऑस्ट्रेलियात नव्या गाड्यांना शिसेविरहित पेट्रोल सक्तीचे झाले, तेव्हा होल्डनने आपले जुने सहा सिलिंडरचे इंजिन बाजूला ठेवून निसानचे तीन लिटरचे इंजिन बसवले. त्याची टर्बो आवृत्ती हायवे गस्तीच्या पोलिसांनी घेतली आणि पुढे, पोलीस ज्यांच्या मागे लागतात, त्या पोरांनीही घेतली. अशा बेदरकार चालकांना इथे ‘हून’ म्हणतात. त्यांच्या गाड्या जप्त करण्याचा कायदा व्हिक्टोरियात २००६ मध्ये आला. तेव्हा गाडी ४८ तास अडकत असे, २०११ पासून ३० दिवस अडकते. या गाडीमुळे पन्नाशी उलटलेल्या मलाही आजवर अनेकदा रस्त्याच्या कडेला उभे राहून परवाना दाखवावा लागला आहे, त्यामुळे पोलिसांसाठी क्रूझ काढण्याची कल्पना प्रथम निघाली तेव्हा सभेत हशा पिकला होता.

तो हशा २२ एप्रिल २०२० नंतर पुन्हा ऐकू आला नाही. त्या संध्याकाळी ईस्टर्न फ्रीवेवर, क्यू भागात, ताशी १४९ किलोमीटर वेगाने जाणारी एक पोर्शे पोलिसांनी अडवली होती आणि ती जप्त करण्याचे काम चालू असताना आपत्कालीन लेनमध्ये घुसलेल्या ट्रकने चार पोलिसांचा जीव घेतला. व्हिक्टोरिया पोलिसांच्या इतिहासात एकाच घटनेत इतके पोलीस कधी गेले नव्हते. वेगाची हौस असलेल्या आमच्यासारख्यांनी त्यानंतर ‘व्हिक्टोरिया पोलीस लेगसी’ला, म्हणजे दिवंगत पोलिसांच्या कुटुंबांना आधार देणाऱ्या संस्थेला, हातभार लावावा असे ठरले, यात विशेष मोठेपणा नव्हता.

आमचा मार्ग लिलीडेल, हील्सव्हिल, ब्लॅक स्पर आणि मेरिसव्हिल असा होता. गाड्या अडतीस होत्या. सगळ्या एका रांगेत, मध्ये परकी गाडी न येता जाव्यात असा आमच्या समितीतल्या एका ज्येष्ठ सभासदाचा हट्ट होता. माझे बालपण सांगलीत गेले. शिट्टी वाजवून चौक अडवणारे कार्यकर्ते मी गणपतीच्या मिरवणुकीत पुष्कळ पाहिले आहेत, परंतु तिथे शेजारी पोलिसांचा बंदोबस्त असतो. इथे लिलीडेल सोडताना चौदाव्या गाडीनंतर सिग्नल लाल झाला आणि रांग तुटू नये म्हणून याच गृहस्थांनी आपली हिरवी यूट, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी, चौकात आडवी घातली. समोरच्या छोट्या गाडीत मागच्या सीटवर मूल घेऊन निघालेली एक बाई हॉर्न वाजवत होती आणि हे खिडकीतून हात काढून तिला थांबण्याची खूण करत होते.

माझ्या शेजारी त्या दिवशीच्या पाहुण्या बसल्या होत्या. त्या हायवे गस्तीतून निवृत्त झालेल्या अधिकारी होत्या आणि तोवर टर्बोचा आवाज ऐकून जुन्या ड्यूटीच्या गोष्टी सांगत होत्या. त्यांनी बोलणे थांबवले, यूटकडे पाहिले आणि विचारले, “हा तुमच्यापैकी आहे का?” मी म्हणालो, “ओळखीचा वाटत नाही.” तासाभराने मेरिसव्हिलला तेच गृहस्थ त्यांच्याबरोबर फोटो काढून घ्यायला पुढे आले. पाहुण्या बाईंनी हसून हस्तांदोलन केले, मागे उभ्या असलेल्या यूटकडे एकदा पाहिले आणि मग माझ्याकडे. त्या काहीच बोलल्या नाहीत. निदान त्यांनी मला सुनवायला हवे होते, असे मला अजूनही वाटते.

तेव्हा ताफा नको. सहा-सहा गाड्यांचे गट करून दर पाच मिनिटांनी एकेक गट सोडावा, प्रत्येक गटाच्या शेवटच्या गाडीत यूएचएफ वॉकीटॉकी द्यावा, प्रत्येक चालकाला कागदावर छापलेला मार्ग द्यावा आणि एकत्र येणे मुक्कामाच्या ठिकाणीच ठेवावे. ब्लॅक स्परला माउंटन अॅश, म्हणजे जगातल्या सर्वांत उंच वृक्षांपैकी एका जातीची निलगिरीची झाडे, दोन्ही बाजूंना उभी आहेत आणि रस्ता अरुंद, वळणांचा आहे. तिथे अडतीस गाड्यांची माळ मागच्या माणसाला ओलांडताही येत नाही.

पैशांबाबत माझे मत तितकेच कडक आहे. सॉसेज, पाव आणि गॅसचा खर्च क्लबाने आपल्या खिशातून करावा, जमलेल्या पेटीतून काढू नये. प्रवेशशुल्क आणि देणगी यांच्या पावत्या वेगळ्या ठेवाव्यात, कारण संस्था करसवलतीस पात्र असेल तर २ डॉलर किंवा त्याहून अधिक रकमेच्या देणगीवर सवलत मिळते, परंतु ज्या पैशांच्या बदल्यात जेवण किंवा सोडतीचे तिकीट मिळते त्यांवर ती मिळत नाही. संस्थेचे नाव पत्रकावर छापण्याआधी तिची लेखी परवानगी घ्यावी.

क्लब परमिटवरच्या, म्हणजे वर्षातले ठरावीक दिवसच चालवता येणाऱ्या, गाड्यांनी निघण्यापूर्वी लॉगबुकात त्या दिवसाची नोंद करावी. आमच्याकडे दोघे जण हील्सव्हिलला बॉनेटवर वही ठेवून ती घाईघाईने भरत होते. २९ सप्टेंबरच्या पोलीस स्मृतिदिनाच्या आसपास क्रूझ ठेवणे योग्यच, परंतु सप्टेंबरचा शेवटचा शनिवार सहसा ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या अंतिम सामन्याचा असतो आणि त्या दिवशी तुमच्याकडे कोणी फिरकणार नाही.

हेही सांगितले पाहिजे की गटांची पद्धत निर्दोष नाही. दुसऱ्या वर्षी माझ्या आग्रहाने गट केले, तेव्हा चौथा गट नार्बेथाँगचे वळण चुकून थेट बक्स्टनला पोहोचला आणि सॉसेज गार झाले. हिरव्या यूटचे मालक आजही प्रत्येक सभेत बक्स्टनचे नाव काढतात. बक्स्टनवरूनही मेरिसव्हिलला रस्ता जातो, हे मी त्यांना प्रत्येक वेळी नकाशावर बोट ठेवून दाखवतो.