बाबा रात्रपाळीला गेले की

प्रश्न : मी यंत्रमाग कारखान्यात जॉबर आहे, म्हणजे मागांची दुरुस्ती बघतो. मुलगी नववीत, मुलगा सहावीत. रात्री दहाला मोबाइल बंद, हा माझा नियम. मी घरी असलो की पाळतात. मी रात्रपाळीला गेलो की बारापर्यंत मोबाइल चालू, आणि बायको ते माझ्यापासून लपवते. मी घरात शिरलो की सगळे गप्प होतात. माझं काय चुकतंय?
– एक वडील, इचलकरंजी

उत्तर : ‘सगळे गप्प होतात’ हे वाक्य मी तीनदा वाचलं. माझे वडील एसटीत वाहतूक नियंत्रक होते. जिन्यावर त्यांच्या चपला वाजल्या की आई रेडिओ बंद करायची, आम्ही भावंडं पुस्तकं उघडायचो. त्यांचा आमच्यावर किती जीव होता, हे मला पस्तिशीत कळलं. फार उशिरा.

मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३९ साली अमेरिकेतल्या दहा वर्षांच्या मुलांच्या छंदमंडळांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. कुठे मोठा माणूस नुसते हुकूम सोडायचा, कुठे मुलांशी बोलून काम ठरवायचा, कुठे सगळं मुलांवर सोपवायचा. हुकूम सोडणारा खोलीबाहेर गेला की काम थंडावायचं. बोलून ठरवलेलं काम मात्र तो नसतानाही चालू राहायचं. तुमची रात्रपाळी म्हणजे हेच खोलीबाहेर जाणं.

म्हणून नियमच सोडा, असं मी सांगणार नाही. मानसशास्त्रज्ञ डायना बाउमरिंड यांनी १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या बर्कलीत बालवाडीतली मुलं अभ्यासली. त्यांत सर्वांत समंजस आणि आत्मविश्वासू मुलांचे आईवडील सैल नव्हते. नियम पक्के होते, पण सोबत माया होती आणि कारण सांगायची तयारीही.

मला जास्त काळजी वाटते तुमच्या पत्नीची. नियम तुम्ही केलात, रात्री राखायचा त्यांनी, आणि ठरवताना त्यांना विचारलंत का? त्या लपवतात, कारण तुमचा राग आणि मुलं यांच्या मध्ये त्या एकट्या उभ्या आहेत. आधी त्यांच्याशी बोला, मुलं समोर नसताना.

मग सुट्टीच्या दिवशी चौघं बसा. दहाच का, ते सांगा. मुलगी साडेदहा म्हणाली आणि तिचं कारण पटलं, तर साडेदहा करा. मोबाइल कुठे ठेवायचे ते मुलाला ठरवू द्या. घरी असाल त्या रात्री तुमचाही तिथेच. पहिल्यांदा मुलगी बहुधा काही बोलणार नाही, खाली बघत बसेल. रागावू नका, तिच्या वतीनं उत्तरही देऊ नका. चहा घ्या आणि थांबा.