गळ्यात मारलेला ओळखचोरीचा विमा: पैसे परत कसे मागायचे?

ब्रिटनमधल्या मराठी वाचकांची या विषयावरची पत्रं थांबत नाहीत आणि घोळही तोच असतो. विमा निरुपयोगी निघाला, म्हणजे तो फसवून विकला, असं गृहीत धरलेलं असतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निवडक प्रश्न घेतो.

व्हॉट्सअॅपवर मेसेज फिरतोय की सीपीपीचे पैसे अजून मिळतात. खरं आहे का? (स्लाव)

नाही. यॉर्कच्या सीपीपी कंपनीने कार्ड संरक्षण आणि ओळख संरक्षण या नावांनी जी विक्री केली, तिच्याबद्दल वित्तीय नियामकाने नोव्हेंबर 2012 मध्ये कंपनीला 1.05 कोटी पौंड दंड ठोठावला. त्यानंतर बँकांसह भरपाईची योजना आली, तिच्या कक्षेत सुमारे 70 लाख ग्राहक होते. अर्जाची मुदत 30 ऑगस्ट 2014 ला संपली. आज जो कोणी 'उरलेले पैसे' काढून देतो म्हणतो, त्याला बँकेचा तपशील देऊ नका. ओळखचोरी अशीच होते.

वर्षाला 84 पौंड असे पाच वर्षं भरले. एकदाही उपयोग झाला नाही. परत मिळतील ना? (हॅरो)

एवढ्या कारणावर मिळणार नाहीत. घराला आग लागली नाही म्हणून आगीचा हप्ता कोणी परत देत नाही. तक्रारीत पहिलंच वाक्य 'मी हा विमा कधी वापरला नाही' असं असेल, तर कंपनीचं काम तुम्हीच सोपं करून दिलंत. ओम्बड्समन, म्हणजे ग्राहक आणि वित्तीय कंपन्या यांच्यातल्या तक्रारी फुकट सोडवणारी ब्रिटनमधली स्वतंत्र यंत्रणा, पाहते ते विक्रीच्या क्षणी काय सांगितलं आणि काय लपवलं ते.

मग चूक कुठे शोधायची? सगळ्यात आधी, विमा चोरीला गेलेले पैसे भरून देतो असं भासवलं होतं का ते आठवा. तुमच्या परवानगीशिवाय खात्यातून पैसे गेले, तर ते बँकेनेच परत करायचे असतात. 2017 च्या पेमेंट सर्व्हिसेस नियमांनुसार तुमच्या वाट्याला जास्तीत जास्त 35 पौंड येतात, तुम्ही स्वतः लबाडी किंवा घोर निष्काळजीपणा केला नसेल तर. ओळखचोरीचा विमा बहुधा वकिलाची फी, बुडालेला पगार, फोन आणि टपाल असल्या खर्चापुरता असतो. पॉलिसीतला लाभांचा तक्ता उघडून एकदा बघाच. जी भीती घालून विमा विकला, तिची भरपाई त्या तक्त्यात सापडत नसेल तर तुमची बाजू भक्कम आहे.

पुढचा प्रकार सक्तीचा. नवीन कार्ड चालू करायला फोन केला आणि बोलता बोलता 'हे घ्यावंच लागतं' असं सांगितलं गेलं, किंवा 'पहिला महिना फुकट' म्हणून संमती काढून घेतली आणि नंतर पैसे कापायला सुरुवात झाली. तसंच, घराच्या विम्यात किंवा शुल्काच्या बँक खात्यात हेच संरक्षण आधीपासून असताना, त्याबद्दल विचारलंही नाही. शिवाय दरवर्षी आपोआप नूतनीकरण होईल हे नीट सांगितलं होतं का, आणि बारीक अक्षरातल्या अपवादांनी तुम्हाला वगळलेलं तर नाही ना, हेही तपासा. धंद्याच्या नावावर झालेली फसवणूक पुष्कळ पॉलिसींत बाहेर असते. दुकान चालवणाऱ्या माणसाला असली पॉलिसी विकून काय साधलं?

आता तक्रारीत लिहा: कधी, कोणत्या मार्गाने, कोण बोललं, काय सांगितलं, काय विचारलं नाही. पाच-सहा ओळी पुरेत. सोबत हप्ते दाखवणारी बँक स्टेटमेंट. कंपनीकडे तुमच्याबद्दलची सगळी माहिती आणि कॉलचं रेकॉर्डिंग मागा. ही मागणी फुकट असते आणि साधारण महिन्याभरात उत्तर यायला हवं. मीठमसाला मात्र लावू नका. रेकॉर्डिंग निघालं आणि तुमची कहाणी त्याच्याशी जुळली नाही, तर खरा मुद्दाही वाहून जातो.

'आम्ही कागदपत्रं पाठवली होती, रद्द करायला 14 दिवस होते' असं उत्तर हमखास येतं. नुसती पाठवलेली कागदं फोनवरचं खोटं खरं करत नाहीत. तरी ती न वाचता ठेवली हा मुद्दा तुमच्याविरुद्ध वापरला जातो, म्हणून उत्तर तयार ठेवा. गुंतागुंत वाटली तर सिटिझन्स अॅडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेला 0808 223 1133 वर विचारा.

कागदावर बँकेचं नाव आहे, विमा कंपनीचंही आहे आणि आणखी एका तिसऱ्याचं. तक्रार कोणाकडे? (मिल्टन कीन्स)

ज्याने विकलं त्याच्याकडे. पहिल्या पत्रात 'आम्ही मध्यस्थ म्हणून' असं वाक्य कोणाच्या नावावर आहे ते पाहा आणि त्या कंपनीचं नाव वित्तीय नियामकाच्या (एफसीए) नोंदवहीत शोधा. तरीही कळलं नाही तर ओम्बड्समनच्या मदतक्रमांकावर, 0800 023 4567 वर, विचारा. चुकीच्या दारात आठवडे घालवू नका.

कंपनीने चार महिन्यांपूर्वी अंतिम उत्तर देऊन नकार दिला. नवे मुद्दे मांडून त्यांनाच परत लिहू का? (लेस्टर)

नको. आजच ओम्बड्समनकडे जा. कंपनीला अंतिम उत्तरासाठी आठ आठवडे असतात. ते आल्यावर तुम्हाला सहा महिने मिळतात आणि ते पत्राच्या तारखेपासून धरले जातात, पत्र उघडल्याच्या तारखेपासून नव्हे. तुम्ही कंपनीला पुन्हा पुन्हा लिहिलंत म्हणून ते घड्याळ थांबत नाही, आणि कंपनीला हे पक्कं माहीत असतं. नवे मुद्दे ओम्बड्समनकडे मांडा. आठ आठवडे उलटूनही उत्तर नसेल तरी त्यांच्याकडे जाता येतं.

तिथे आधी तपास अधिकारी मत देतो. ते पटलं नाही तर कोणत्याही बाजूला ओम्बड्समनचा निकाल मागता येतो. निकाल तुम्ही स्वीकारलात तर तो कंपनीला बंधनकारक. नाकारलात तर कोर्टाचा रस्ता उघडा राहतो, पण त्याआधी वकिलाशी बोला.

विमा 2016 साली घेतला. उशीर झाला का? (रेडिंग)

कदाचित. नियम असा: विक्रीपासून सहा वर्षं, किंवा तक्रारीला जागा आहे हे कळल्यापासून वा कळायला हवं होतं तेव्हापासून तीन वर्षं, यांतली जी मुदत नंतर संपते ती. 'कळायला हवं होतं' यावरच वाद होतो. कंपनीने मध्यंतरी इशाऱ्याचं पत्र पाठवलं असेल तर तीन वर्षं त्या तारखेपासून मोजली जाण्याचा धोका असतो. मुदत संपली हे स्वतः ठरवून गप्प बसू नका. तक्रार दाखल करा, मुदतीचा निर्णय ओम्बड्समन करेल.

दावे मिळवून देणारी एक कंपनी 'परत मिळालेल्या पैशांच्या 30 टक्क्यांवर काम करून देतो' म्हणते. सही करू का? (हाउन्स्लो)

कशाला? ओम्बड्समन ग्राहकाकडून एक पेनी घेत नाही. पाच वर्षांचे 420 पौंड परत आले तर त्यातले 126 तुम्ही एक फॉर्म भरून देणाऱ्याला देणार. त्यांच्या फीवर 2022 पासून नियामकाची मर्यादा आहे, पण मर्यादेतला खर्चही फुकटच्या कामावरचा खर्च आहे. ही मंडळी सगळ्या ग्राहकांना एकच छापील पत्र लावतात, त्यात तुमच्या फोनवर काय घडलं त्याचा पत्ता नसतो आणि तिथेच दावा लंगडा पडतो. सही आधीच केली असेल तर करार नीट वाचा. रद्द करण्यासाठी साधारण 14 दिवस असतात.

परत किती मिळतं? कर लागतो का? (बर्मिंगहॅम)

भरलेले सगळे हप्ते, वजा एखादा दावा मिळाला असेल तर तो, अधिक व्याज. कित्येक वर्षं हे 8 टक्के साधं व्याज असे. आता तोच आकडा धरून हिशेब मांडू नका, दर बदलतात. व्याजावर कंपनी अनेकदा मूळ दराने 20 टक्के कर कापते. तुमची मिळकत करपात्र नसेल तर तो आर 40 फॉर्म भरून परत मागता येतो. भारतात विवरणपत्र भरत असाल तर तिथल्या सीएला विचारा.

आम्ही पुण्याला परतलो. आता तक्रार करता येईल का? (पुणे)

हो. राहता कुठे याला महत्त्व नाही, विक्री ब्रिटनमधून झाली होती का हे पाहिलं जातं. ब्रिटनमधलं खातं बंद करण्याआधी जुनी स्टेटमेंट उतरवून घ्या. भारतातल्या बँकेने विकलेल्या विम्याची तक्रार मात्र इथे चालत नाही, ती भारतातल्या ओम्बड्समनकडे.

डायरेक्ट डेबिट रद्द केलं, तरी पैसे कापले जातात. (क्रॉयडन)

मग ते कार्डावरचं सलग वसुलीचं अधिकारपत्र (कंटिन्युअस पेमेंट ऑथॉरिटी) असणार, म्हणजे तुमच्या कार्डाच्या नंबरावर वेळोवेळी पैसे कापायची कंपनीला दिलेली परवानगी. डायरेक्ट डेबिट बंद केल्याने ते बंद होत नाही. बँकेला थेट सांगा की परवानगी काढून घेतली आहे. बँकेला ते थांबवावंच लागतं, 'आधी कंपनीशी बोला' हे उत्तर चालत नाही. सांगितल्यानंतरही कापले गेलेले पैसे बँकेकडे मागा. फोन केलात तर वेळ आणि बोलणाऱ्याचं नाव टिपून ठेवा.

विकणारी कंपनीच बुडाली. (वेम्ब्ली)

मग ओम्बड्समन नाही, फायनान्शियल सर्व्हिसेस कॉम्पेन्सेशन स्कीम, म्हणजे बुडालेल्या वित्तीय कंपन्यांच्या ग्राहकांना भरपाई देणारी योजना. विमा विकणाऱ्याच्या चुकीसाठी तिथे बहुतेक वेळा 90 टक्के भरपाई असते आणि अर्ज फुकट. कंपनी खरोखर बुडाली की फक्त नाव बदललं, हे नियामकाच्या नोंदवहीत पाहून मगच अर्ज करा.