अंगठा सोडून वाजवा

प्रश्न : काका, नमस्कार. मी ४४ वर्षांची, शाळेत गणित शिकवते. लहानपणी चार वर्षं पेटी शिकले होते. दोन वर्षांपूर्वी मुंबईत पाश्चात्त्य वाद्यवृंद ऐकला आणि उजव्या अंगाला उभे असलेले ते डबल बास, व्हायोलिनसारखी पण माणसाहून उंच वाद्यं, डोक्यातून जाईनात. देवळाली कॅम्पात एका बंद पडलेल्या बँडचा बास विकायला होता, तो घेतला. नाशकात शिकवणारं कुणी मिळालं नाही म्हणून व्हिडिओ बघून सुरुवात केली. वीस मिनिटांत डावा अंगठा आणि मनगट भरून येतं. स्वर कधी चढा लागतो, कधी उतरा. फिंगरबोर्डवर, म्हणजे बोटं ठेवायच्या पट्टीवर, टिकल्या चिकटवू का? माझी उंची पाच फूट एक इंच. घरचे म्हणतात, हे तुझ्या अंगापिंडाचं वाद्य नाही. खरं आहे का?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, खरं नाही. घरच्यांना माझ्यातर्फे सांगा की बहुतेक मोठी माणसंसुद्धा 'तीन-चतुर्थांश' मापाचाच बास वाजवतात, आणि तुमचाही बहुधा तोच असेल. उंच स्टुलावर बसून वाजवलंत तर तुमची उंची आड येणार नाही. उभ्याने वाजवायचं असेल तर खालची एंडपिन, म्हणजे वाद्य ज्यावर टेकतं तो दांडा, आत घ्या. तारा जिथून मानेवर उतरतात तो नट साधारण तुमच्या भुवईपाशी आला पाहिजे.

अंगठ्याचं दुखणं मात्र मी भोगलेलं आहे. मुंबईत रेकॉर्डिंगला बास वाजवायचो, पण त्याच्या कितीतरी आधी, शिकायला लागल्याच्या पहिल्या वर्षात, दुखत असताना रेटून वाजवलं आणि पुढचे तीन आठवडे पाण्याचा तांब्या उचलवेना. माझे सर गोव्याचे. रागावले नाहीत. 'अंगठा काढ,' एवढंच म्हणाले. अंगठा मानेपासून सुटा, हवेत, आणि तशा हाताने एक-एक स्वर गजाने लांब ओढायचा. सुरुवातीला स्वर लागेचना. मग कळलं की तार दाबते ती कोपरापासूनच्या हाताच्या वजनाने. विहिरीचं पाणी शेंदताना खांदा आणि पाठ ओढते, मूठ फक्त दोर सुटू देत नाही. तसंच हे. महिनाभर रोज पाच मिनिटं असं करा. नंतर अंगठा परत ठेवाल तो दुसऱ्या बोटाच्या (तर्जनी पहिलं, मधलं दुसरं) समोर, मानेला नुसता टेकलेला. दुखलं की थांबा, त्या दिवशी पुन्हा हात लावू नका.

एक तपासणी आधी करा. फिंगरबोर्ड जिथे संपतो तिथे सगळ्यांत बारीक तार लाकडापासून किती वर आहे ते पट्टीने मोजा. एक सेंटिमीटर किंवा जास्त असेल तर घोडी, म्हणजे तारा ज्यावरून जातात तो लाकडी तुकडा, उंच आहे, आणि मग कोणाचाही हात दुखेल. घोडी जाणकाराकडून उतरवून घ्या.

आता स्वरांचं. तुम्ही गणिताच्या, म्हणून हिशेबच मांडतो. बासची तार नटपासून घोडीपर्यंत साधारण १०५ सेंटिमीटर. तिला १७.८ने भागा (अर्ध्या स्वराचं अंतर काढायचा हा ठरलेला आकडा), ५.९ आले. म्हणजे पहिला अर्धा स्वर नटपासून सहा सेंटिमीटरवर. व्हायोलिनची तार जेमतेम ३३ सेंटिमीटर, तिथे हेच अंतर दोन सेंटिमीटरसुद्धा भरत नाही. म्हणूनच खालच्या भागात बासवर चार बोटं चार अर्ध्या स्वरांवर ताणायची नसतात. व्हिएन्नात शिकवणाऱ्या फ्रान्झ सिमांडल (१८४०–१९१२) यांची पद्धत जगभर चालते : पहिलं, दुसरं आणि चौथं बोट, तिसरं चौथ्याच्या मदतीला. पहिल्यापासून चौथ्यापर्यंत एक पूर्ण स्वर. पुढचा स्वर हवा तर बोट ताणू नका, आख्खा हात सरकवा. तुमचं मनगट भरून येतं ते बहुतेक या ताणण्यानेच.

टिकल्या नकोत. डोळा एकदा टिकलीला चटावला की कान आळशी होतो, हे मी फार जणांत पाहिलंय. तुमच्याकडे पेटीचा कान आहे, तो वापरा. चार तारा, पेटीच्या पट्ट्यांत सांगायच्या तर, जाडीकडून बारीककडे पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच. प्रत्येक तार तिच्या खालच्या तारेचा मध्यम. तानपुऱ्याचं ॲप पांढरी दोनवर लावा : तिसरी तार तुमचा सा, दुसरी खालचा पंचम, चौथी मध्यम. अंगठ्याची ती पाच मिनिटं सोडली तर पहिले दोन महिने डावा हात बाजूला ठेवून फक्त मोकळ्या तारा, एक गज सावकाश चार मोजेपर्यंत. सा आणि पंचम तानपुऱ्यात विरघळायला लागले की मग बोट ठेवा. फोनमधून मात्र ऐकू नका, त्याच्या स्पीकरला हा खर्ज झेपत नाही. सगळ्यांत जाड तार सेकंदाला फक्त ४१ कंपनांची. ती लावताना तारेच्या बरोबर मध्यावर बोट नुसतं टेकवून वाजवा, वरच्या सप्तकातला तोच स्वर मिळेल आणि ट्यूनरलाही कळेल.

गज कोणता मिळालाय ते लिहिलं नाहीत. मुठीकडचा भाग उंच असेल तर तो जर्मन, सारंगीये धरतात तसा खालून धरायचा. बुटका असेल तर फ्रेंच, व्हायोलिनसारखा वरून. दोन्ही चांगले. जो आहे तोच शिका.

वाद्य जुनं आहे म्हणून आणखी एक. मे महिना संपला की कडेकडेने बोटाच्या पेराने टकटक करत फिरा. कुठे खडखडलं तर जोड सुटलाय. तो सरसानेच, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांच्या गोंदानेच, चिकटवून घ्या. सरसाचा जोड मुद्दाम कमी ताकदीचा असतो : लाकूड आकसलं की जोड सुटतो, पाटी वाचते. माझ्या बासचा जोड एका कारागिराने फर्निचरच्या गोंदाने 'कायमचा पक्का' करून दिला. पुढच्याच उन्हाळ्यात समोरची पाटी उभी चिरली. ती चीर आजही रोज माझ्या हाताखालून जाते.

गुरूशिवाय फार पुढे जाऊ नका. मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा वाद्यवृंद २००६ पासून आहे. कार्यक्रम संपल्यावर बासवाल्यांना गाठा आणि शिकवणारं कोण आहे ते विचारा. महिन्यातून एक रविवार, सकाळची पंचवटी एक्स्प्रेस, संध्याकाळी परत. बास न्यायची गरज नाही, शिकवणाऱ्याकडे असतोच.

प्रश्न : मी कॉलेजात आहे, तीन वर्षं बास गिटार वाजवतो. डबल बासवर लगेच जमेल का?
— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : तारा त्याच, त्याच क्रमाने, म्हणून स्वर कुठे आहेत ते तुला आधीच माहीत आहे. पण गिटारची तार बहुधा ८६ सेंटिमीटरची आणि पडद्यांची, ही १०५ची आणि बिनपडद्यांची. एका पडद्याला एक बोट ही सवय सोडावी लागेल. छेडताना बोटाचं टोक न वापरता पहिल्या बोटाची कड तारेवर आडवी टाक, आवाज भरेल. वरचं अंगठ्याचं प्रकरण तूही वाच. आणि घरी फरशी असेल तर एंडपिनला रबरी बूच लाव, खाली जाड पायपुसणं टाक. बास घसरला की पहिली मोडते ती मान.