अंगठा काही केल्या तोंडातून निघत नाही

प्रश्न : ताई, माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे, ज्युनियर केजीत जातो. तान्हा होता तेव्हापासून अंगठा चोखतो. मध्ये बराच कमी झाला होता पण तीन महिन्यांपूर्वी धाकटी झाली आणि परत जोरात सुरू. झोपताना तर हवाच, एका हातात माझ्या जुन्या ओढणीचं टोक आणि दुसऱ्या हाताचा अंगठा तोंडात. सासूबाईंनी मिरची लावून बघितली, त्याने तोच हात डोळ्याला लावला आणि रात्री अकरा वाजता घरभर रडारड. मग कडुनिंबाचा रस लावला तर पठ्ठ्या तोंड वाकडं करत सगळा चाटून घेतो आणि परत चालू. परवा एका लग्नात नणंद सगळ्यांसमोर म्हणाली, "एवढा घोडा झालास, लाज नाही वाटत?" तर तो टेबलाखाली जाऊन बसला, अंगठा तोंडातच. अंगठ्यावर घट्टा पडलाय, पुढचे दातही जरा बाहेर आल्यासारखे वाटतात. मिस्टर म्हणतात आपोआप जाईल. कुणाचं ऐकू?
– एक आई, सातारा

उत्तर : मिरची आधी बंद करा, आजच. डोळ्यात गेली की काय होतं ते तुम्ही बघितलंच आहे, आणि कडू लावायचं असेल तर ते मुलाला सांगून, त्याच्या मर्जीने, "आठवण राहावी म्हणून लावूया का" असं विचारून लावायचं असतं, झोपेत गुपचूप नाही. नाहीतर ती शिक्षा होते, आणि शिक्षा झालेलं पोर धीर यावा म्हणून काय करणार, अंगठाच तोंडात घालणार ना! टेबलाखाली तेच झालं.

मिस्टरांचं अर्धं बरोबर आहे. पोटात असतानाच बाळं अंगठा चोखतात, सोनोग्राफीत दिसतं ते. बहुतेक मुलं 2 ते 4 वर्षांच्या दरम्यान आपली आपण सोडतात. तुमचाही सोडतच होता की. मग घरात बहीण आली, आईची कूस वाटली गेली, आणि त्याने त्याच्याकडे जे हुकमी होतं ते परत धरलं. म्हणून मी आधी अंगठ्याच्या मागे लागणार नाही. रोज वीस मिनिटं, धाकटीला सासूबाईंकडे किंवा मिस्टरांकडे देऊन, फक्त त्याच्याबरोबर बसा, मोबाइल लांब ठेवून. तुम्हाला वाटेल बाळंतिणीला कुठून वीस मिनिटं मिळणार, दहा मिळाली तरी चालतील पण रोज.

चार-पाच दिवस नुसतं बघा, अंगठा कधी जातो तोंडात. टीव्हीसमोर? गाडीत? तुम्ही धाकटीला पाजायला घेतलं की? वेळ कळली की त्या वेळेला हाताला काम द्या, मटार सोलायला द्या, कणकेचा गोळा द्या, ओढणी तर आहेच, तिचं टोक दोन्ही हातांत धरायला सांगा. "अंगठा काढ" हे वाक्य मात्र दिवसातून पन्नास वेळा ऐकवू नका हो, त्यापेक्षा दोघांतच एक खूण ठरवा, तुम्ही कानाला हात लावला की त्याला कळेल. आणि तोंडात नसेल तेव्हा आवर्जून म्हणा. आपण सगळे नेमके तेव्हाच गप्प बसतो.

साडेचार वर्षांच्या मुलाशी बोलता येतं. आरशासमोर उभं करून त्याचे दात त्यालाच दाखवा, घाबरवू मात्र नका. मग कॅलेंडरवर, ज्या दिवशी गोष्ट ऐकताना अंगठा बाहेर राहिला तिथे एक चांदणी. पूर्ण दिवसाची अट घालू नका, एवढ्याशा जिवाला ते जमत नाही आणि मग तो खेळच सोडून देतो. एखादा दिवस चुकला तर काढलेली चांदणी खोडायची नाही.

रात्रीचं सगळ्यात शेवटी सुटतं, कारण झोपेत त्याला कळतच नाही. इथे सासूबाईंना घ्या मदतीला, मिरचीवाल्या म्हणून बाजूला नका काढू त्यांना. जुन्या सुती साडीचा एक सैल सदरा शिवून द्यायला सांगा, बाह्या पंजाच्या पुढे चार बोटं लांब. आजीने शिवलेला म्हणून तो घालेलही. नाहीतर मऊ मोजा हातात. हात बांधून ठेवणं वगैरे अजिबात नको.

आता दात. वरचे-खालचे दात मिटायला सांगा, पुढे मध्ये फट राहते का, वरचे दात पुढे झुकलेत का बघा. पक्के दात साधारण सहाव्या वर्षी यायला लागतात, त्याआधी सवय सुटली तर दुधाच्या दातांचा हा वाकडेपणा बऱ्याचदा आपोआप कमी होतो. म्हणजे तुमच्याकडे वेळ आहे. तरी एकदा लहान मुलांच्या डेंटिस्टला दाखवून ठेवा, विशेषतः 'स' म्हणताना जीभ दातांमधून बाहेर येत असेल तर. टाळूला तारेची जाळी बसवतात ती फार पुढची गोष्ट, आणि तीही मुलाची तयारी असेल तरच उपयोगाची. अंगठा नखाशी लाल होऊन सुजला, पू दिसला तर मात्र लगेच डॉक्टरकडे.

माझा भाचा पहिलीपर्यंत चोखायचा, शाळेतल्या मित्रांनी बघितलं आणि पंधरा दिवसांत सुटला. आता इंजिनिअरिंगला आहे, परीक्षेच्या टेन्शनमध्ये नखं खातो, ते वेगळं. नणंदेला काय सांगायचं ते मिस्टरांनी सांगावं, बहीण त्यांची आहे.

प्रश्न : मुलगी पाच महिन्यांची, दिवसभर मूठ तोंडात. पुढे सवय लागू नये म्हणून आत्ताच चोखणी द्यावी का? शेजारच्या काकू मधात बुडवून द्यायला सांगतात.
– एक बाबा, नाशिक

उत्तर : नको. या वयात मूठ तोंडात जाणारच, कधी भूक, कधी हिरड्या शिवशिवतात, कधी नुसतीच गंमत. आधी भूक लागली आहे का बघा, नखं कापत जा, हात पुसत जा, बस. आणि मध वर्षाच्या आतल्या बाळाला चाटवायचासुद्धा नाही, त्यातून बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. काकूंना गोड बोलून नाही म्हणा.